परदेशात जपलेले वाफेचे इंजिन आणि आपली बार्शी लाइट : मागावे तर नेमके काय मागावे?

तेरणाकाठ (लातूर)

दार्जिलिंग हिमालयन रेल्वेचे १९-बी हे इंजिन १८८९ मध्ये ग्लासगोच्या शार्प स्टुअर्ट कंपनीने बांधले. घाटातली चाकरी संपल्यावर १९६२ मध्ये एलियट डॉनेली या अमेरिकी रेल्वेप्रेमी उद्योगपतीने ते विकत घेतले आणि समुद्रापलीकडे नेले. पुढे ते इंडियाना राज्यातील हेस्टन येथील वाफयंत्रांच्या संग्रहालयात राहिले. २००२ मध्ये इंग्लंडमधील रेल्वे व्यवस्थापक एड्रियन शूटर यांनी ते घेतले, त्याची पूर्ण दुरुस्ती करवून घेतली आणि ऑक्सफर्डशायरमधील आपल्या घराच्या आवारात दोन फुटी गेजचे, म्हणजे दोन रुळांत दोन फूट अंतर असलेले, रूळ टाकून त्यावर ते पुन्हा वाफेवर चालवले. शूटर २०२२ मध्ये वारले. इंजिन आता स्टॅफर्डशायरमधील स्टॅटफोल्ड येथील संग्रहात आहे.

दार्जिलिंगच्या इंजिनाचा लातूरशी काय संबंध, असे कुणी विचारील, म्हणून दुसऱ्या एका इंजिनाकडे वळतो. माथेरानच्या रेल्वेसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने दिलेल्या चार इंजिनांपैकी ७४० क्रमांकाचे इंजिनही इंग्लंडमध्येच, बेडफर्डशायरमधील लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेकडे पोहोचलेले आहे. १९०७ मध्ये सुरू झालेल्या या माथेरान रेल्वेचे सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आणि कॅलथ्रॉप म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे जनक. कुर्डुवाडी, म्हणजे तेव्हाचे बार्शी रोड, ते बार्शी ही अडीच फुटी लाइन त्यांनी १८९७ मध्ये सुरू केली. ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. बार्शी ब्रिटिश मुलखात होती आणि लातूर निजामाच्या. दोन राज्ये जोडणाऱ्या या लाइनवरून आपल्या पणजोबांनी आषाढीला पंढरपूर गाठले आहे आणि लातूरच्या पेठेतला माल बाहेर गेला आहे.

ही लाइन अभियांत्रिकीच्या इतिहासातही साधी नव्हती. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही वाहनाच्या एका आसावर (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनांपेक्षा अधिक भार पडू द्यायचा नाही आणि सर्व वाहनांचा भार शक्यतो त्या मर्यादेच्या जवळ ठेवायचा, असा कॅलथ्रॉप यांचा नियम होता. भार सारखा विभागला की हलके रूळ पुरतात, मालडबे पूर्ण भरता येतात आणि लाइन स्वस्तात बांधता येते. त्यासाठीच लीड्सच्या किटसन कंपनीने बार्शीसाठी आठ जोडचाकांची इंजिने बांधली. चार आसांवर पाच-पाच टन म्हणजे वीस टन वजन रुळांना पकडून ठेवण्यासाठी मिळते आणि तरीही रुळावर कुठेही जादा दाब येत नाही. ही वाहने हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळच्या न्यूले येथे खास टाकलेल्या रुळांवर चालवून दाखवण्यात आली होती.

या शतकाच्या पहिल्या दशकात लातूरची लाइन ब्रॉडगेज झाली. ते आवश्यकच होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गे पाण्याची रेल्वे लातूरला आली, ती याच रुंद झालेल्या वाटेने. पण गेज बदलल्यावर जुन्या इंजिनाला धावायला आपल्याकडे रूळ उरला नाही आणि त्या इंजिनांची माहिती असलेली माणसेही एकेक करून जात आहेत. त्यामुळे परदेशातील संग्रहालयांनी आपल्याकडची इंजिने कशी जपली, त्यांच्याकडून आपण काय मागावे आणि स्वतः काय करावे, यावर इथे सविस्तर चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे.

माझे मत आधीच स्पष्ट करतो. इंजिन परत मागण्याऐवजी आपण त्याची कागदपत्रे मागावीत : मूळ आराखडे, बॉयलरच्या नोंदी, दुरुस्तीच्या वेळी काढलेली छायाचित्रे आणि बदललेल्या प्रत्येक भागाची यादी.

*

गोदातीर (नांदेड)

धागा आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. वस्तू जिथे राबली तिथे ती असावी, हा साधा न्याय आहे. दार्जिलिंगच्या इंजिनाने सत्तर वर्षे हिमालयाच्या चढावर डबे ओढले. तिथला चढ, तिथले धुके, तिथली माणसे ही सगळी त्या इंजिनाच्या अर्थाचा भाग आहेत. इंग्लंडमधल्या सपाट आवारात ते कितीही चकचकीत ठेवले, तरी पाहणाऱ्याला त्याची ताकद कळत नाही. आमच्या मुलांनी आपल्याच देशाचे इंजिन पाहायला व्हिसा काढून जायचे का? कागद मागणे ठीक आहे, परंतु मूळ वस्तूची मागणी आधीच सोडून दिली, तर समोरचा कागद तरी का देईल?

*

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

गोदातीर यांचा मुद्दा भावनेचा असला तरी हलका नाही, म्हणून आधी कायद्याची बाजू मांडतो. आपल्याकडे पुरावशेष आणि कलासंपदा अधिनियम १९७२ चा आहे. त्यात साधारणपणे शंभर वर्षांपेक्षा कमी वयाची नसलेली वस्तू पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. १९-बी इंजिन १९६२ मध्ये देशाबाहेर गेले तेव्हा हा कायदा नव्हता आणि इंजिनाचे वय होते ७३ वर्षे. ते चोरून नेलेले नाही. रेल्वेने निकामी ठरवून विकलेले आणि रीतसर किंमत देऊन घेतलेले आहे. त्यामुळे मूर्तिचोरीच्या प्रकरणात आपण जो दावा करू शकतो, तो इथे उभा राहत नाही.

दुसरी बाजू मराठवाड्याच्याच एका वस्तूची आहे. पाँपेईच्या उत्खननात १९३८ मध्ये एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती आज नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. व्हेसुव्हियसचा उद्रेक इसवी सन ७९ चा, म्हणजे मूर्ती त्याआधीची. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या, आणि त्यामुळे ती मूर्ती दख्खनमधून, बहुधा आपल्याच भागातून, रोमन व्यापाराच्या वाटेने गेली असावी, असे अभ्यासक मानतात. नेपल्समधल्या मूर्तीला तिचा पत्ता मिळाला तो तेर-भोकरदनच्या जमिनीत सापडलेल्या जोडीदार वस्तूंमुळे. इथे उत्खनन झाले नसते आणि सापडलेल्या गोष्टींची नोंद झाली नसती, तर ती मूर्ती ‘भारतीय’ एवढ्याच चिठ्ठीवर उभी राहिली असती.

इंजिनाच्या बाबतीतही तेच आहे. लेटन बझर्डच्या इंजिनाशेजारी कॅलथ्रॉप यांचे नाव येईल, माथेरान येईल. पण बार्शी, येडशी, ढोकी, मुरुड ही बार्शी लाइटवरच्या गावांची नावे तिथल्या माहितीत यायची असतील, तर ती इथून पुरवावी लागतील. माझ्या मते मागण्याइतकेच देणेही महत्त्वाचे आहे.

*

पूर्णाजंक्शन (पूर्णा)

माझे वडील पूर्णेच्या मीटरगेज लोको शेडमध्ये फिटर होते, त्यामुळे या विषयावर बोलताना मला आधी कामाचे बोलावेसे वाटते. इंजिन ‘जपणे’ हा एक शब्द असला तरी त्याचे दोन वेगळे अर्थ होतात, आणि ते दोन्ही एकाच इंजिनावर पूर्णपणे साधत नाहीत.

एक अर्थ असा की इंजिन जसे सेवेतून निघाले तसेच ठेवायचे : त्याचा रंग, त्यावरचे ठोकर लागलेले डाग, एखाद्या शेडमध्ये मारलेले ठिगळ, फिटरने छिन्नीने कोरलेला आकडा. मॅंचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात ३१५७ क्रमांकाचे ब्रॉडगेज इंजिन आहे. व्हल्कन फाउंड्रीने १९११ मध्ये ते अविभक्त हिंदुस्थानच्या नॉर्थ वेस्टर्न रेल्वेसाठी बांधले, फाळणीनंतर ते पाकिस्तानच्या रेल्वेत राबले आणि मग, जिथे बांधले गेले त्या लँकाशायरपासून जवळच, संग्रहालयात येऊन थांबले. ते उभे आहे, चालत नाही. त्यामुळे त्यातील मूळ धातू मूळच्याच जागी आहे.

दुसरा अर्थ असा की इंजिन चालू ठेवायचे. ज्या दिवशी आपण ते ठरवतो, त्या दिवसापासून इंजिनाचे भाग बदलायला सुरुवात होते. बॉयलरच्या ट्यूब ठराविक काळाने बदलाव्याच लागतात. तांब्याच्या फायरबॉक्सचे, म्हणजे आगीच्या पेटीचे, पत्रे आगीने आणि राखेच्या घासणीने पातळ होतात. फायरबॉक्स आणि बाहेरचे कवच यांना बांधून ठेवणारे शेकडो स्टे असतात. त्यांतले तुटके शोधून नवे बसवावे लागतात. चाकांचे टायर झिजतात, पिस्टनच्या रिंगा झिजतात, ब्रासेस, म्हणजे आसांची बेअरिंगे, पुन्हा ओतावी लागतात. पन्नास वर्षे चालवलेल्या जपलेल्या इंजिनात मूळचे किती उरले, हा प्रश्न मग विचारावाच लागतो. माझे वडील म्हणत की शेडमध्ये आलेले इंजिन आपण दुरुस्त करत नाही, आपण त्याला पुढच्या फेरीपुरते तयार करतो. त्या दृष्टीने पाहिले तर चालू ठेवलेले इंजिन संग्रहालयात असूनही अजून सेवेतच असते.

यात चांगले कोणते आणि वाईट कोणते, हे मी सांगणार नाही. मात्र चालू इंजिनाच्या बाबतीत बदललेल्या भागांची नोंद ठेवली नाही, तर आपण इंजिन जपता जपता त्याचा पुरावा पुसून टाकतो. म्हणून तेरणाकाठ यांनी सुचवलेली ‘बदललेल्या भागांची यादी’ मला आराखड्यांपेक्षाही मोलाची वाटते. आराखडा सांगतो की कंपनीने काय बांधले. बदलाची यादी सांगते की आपल्या माणसांनी इथे, आपल्या पाण्यावर आणि आपल्या कोळशावर, ते कसे चालवले.

*

बॉयलरघर (कळंब)

पूर्णाजंक्शन यांनी पाण्याचा उल्लेख केला, म्हणून लिहितो. मी साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट म्हणून नोकरी केली आहे. दर हंगामापूर्वी कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम होतो, पूजा होते, छायाचित्रे छापून येतात. परंतु त्याआधी बॉयलर उघडून आतून साफ करण्याचे जे काम चालते, ते बाहेर फारसे कुणाला दिसत नाही.

कारखान्याच्या बॉयलरमध्ये पाणी नळ्यांच्या आत असते आणि आग बाहेर. रेल्वेच्या इंजिनात उलटे : आगीचा धूर आणि उष्ण वायू नळ्यांतून जातात आणि पाणी नळ्यांच्या भोवती असते. रचना वेगळी असली तरी शत्रू एकच, तो म्हणजे क्षार. आपल्या भागातले विहिरीचे आणि बोअरचे पाणी जड आहे. ते उकळले की कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पत्र्यावर थर धरून बसतात. हा थर उष्णता पाण्यापर्यंत जाऊ देत नाही. मग आगीच्या बाजूचा पत्रा प्रमाणाबाहेर तापतो, मऊ पडतो आणि फुगतो. कारखान्यात आम्ही वाफेचे थंड झालेले पाणी पुन्हा वापरतो आणि नवे पाणी मऊ करून घेतो. इंजिन मात्र वाफ धुराड्यातून सोडून देते, म्हणजे त्याला प्रत्येक टप्प्यावर नवे पाणी लागते आणि प्रत्येक टाकीगणिक नवे क्षार आत येतात. बार्शी लाइटवर हे कसे सांभाळले असेल, कोणत्या स्टेशनचे पाणी चांगले मानले जात असेल, किती दिवसांनी बॉयलर धुतला जात असेल, हे जाणून घेण्याची मला फार इच्छा आहे. याची उत्तरे इंग्लंडमधल्या आराखड्यांत मिळणार नाहीत. ती कुर्डुवाडीच्या शेडमध्ये राबलेल्या माणसांकडे किंवा त्यांच्या घरच्या वह्यांत असतील.

आणखी एक सांगतो. फायरबॉक्सच्या माथ्यावर शिशाचा प्लग असतो. पाणी धोक्याच्या खाली गेले की शिसे वितळते, वाफ आगीत शिरते आणि फायरमनला इशारा मिळतो. जपलेले इंजिन पुन्हा पेटवायचे असेल, तर आधी बॉयलर थंड पाण्याच्या दाबाने तपासतात, मग वाफेवर तपासतात आणि त्यानंतरच कामाला लावतात. हे काम केवळ हौसेने होत नाही, तपासणी अधिकाऱ्याचा दाखला लागतो. परंतु ज्या भागात इतके साखर कारखाने आहेत, त्या भागात बॉयलर जाणणारी माणसे नाहीत, असे कुणी म्हणू नये.

*

गोदातीर (नांदेड)

देवगिरी यांनी कायद्याची बाजू सांगितली, ती मान्य. नेपल्सच्या मूर्तीचे उदाहरण मात्र माझ्याच बाजूने वापरता येईल असे वाटते. जोडीदार वस्तू तेरला आहेत, म्हणून आपण निदान तेरच्या शासकीय संग्रहालयात जाऊन आपल्या मातीतल्या वस्तू पाहू शकतो. बार्शी लाइटच्या बाबतीत आपल्या मुलांना लातुरात काय दाखवता येईल? कागद दाखवून मूल थांबत नाही. त्याला चाक लागते, शिट्टी लागते.

*

मिडलँड्समधून (मूळ उदगीर, सध्या इंग्लंड)

मी इथे नोकरीनिमित्त राहतो आणि सुट्टीच्या दिवशी एका जपलेल्या छोट्या रेल्वेवर स्वयंसेवक म्हणून जातो. ती रेल्वे वर उल्लेख झालेल्यांपैकी नाही, तरी तिथल्या पद्धतीबद्दल लिहिलेले उपयोगी पडेल.

इथे बऱ्याच जपलेल्या रेल्वे सरकार चालवत नाही. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली आणि तिथून ही चळवळ पसरली. लेटन बझर्डची लाइनही मूळची वाळू वाहण्यासाठी १९१९ मध्ये टाकलेली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हौशी मंडळींनी तिच्यावर काम सुरू केले. नवा माणूस आला की त्याच्या हाती आधी चिंधी आणि तेल देतात. महिनोन्‌महिने इंजिन पुसणे, राख काढणे, पहाटे येऊन आग पेटवणे, हे करत करत तो फायरमन होतो आणि कित्येक वर्षांनी ड्रायव्हर. म्हणजे इंजिनाबरोबर काम शिकवण्याची जुनी परंपराही जपली जाते. इंजिनाच्या बॉयलरचा दाखला साधारण दहा वर्षांचा असतो. तो संपला की इंजिन खोलून पूर्ण दुरुस्ती करावी लागते आणि त्यासाठी लागणारी रक्कम देणग्यांतून आणि तिकिटांतून जमवावी लागते. पैसा जमेपर्यंत इंजिन शेडमध्ये उघडे पडून राहते, आणि हा काळ अनेकदा वर्षांवर जातो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते त्यापेक्षा इथेही हे काम खडतर आहे.

परंतु मला एक गोष्ट इथे सतत जाणवते. दार्जिलिंगच्या बी-वर्गाच्या इंजिनावर पूर्वी मोठी टोळी काम करत असे : ड्रायव्हर, फायरमन, बॉयलरच्या वरच्या कोळशाच्या पेटीवर बसून कोळसा फोडणारा माणूस, आणि चाके घसरू नयेत म्हणून पुढच्या बाजूला बसून रुळांवर हाताने वाळू टाकणारी माणसे. इंग्लंडमधल्या सपाट रुळावर वाळू टाकणाऱ्याची गरज पडत नाही. इंजिन इथे आले, पण पुढे बसून ओल्या चढावर चाकाचा आवाज ऐकून वाळूची मूठ सोडणाऱ्याची जाण इथे आली नाही. ती दार्जिलिंगमध्येच असू शकते. म्हणून गोदातीर यांना मी म्हणेन की, इंजिन परदेशात असल्याने आपण सगळे गमावले, असे मानू नका. इंजिनाचा अर्धा भाग तिकडेच राहिलेला आहे आणि तो नोंदवण्याचे काम तिकडच्यांशिवाय कुणालाच जमणार नाही.

*

तेरणाकाठ (लातूर)

सर्वांच्या प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. काही मुद्द्यांवर सविस्तर लिहितो.

गोदातीर, आपला आग्रह समजतो. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. कॅलथ्रॉप यांच्याच देखरेखीखाली इंग्लंडमध्ये बार्शीच्या धर्तीवर अडीच फुटी लीक अँड मॅनिफोल्ड ही लाइन १९०४ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठीही किटसननेच इंजिने बांधली आणि त्यातील एकाला चक्क कॅलथ्रॉप यांचेच नाव दिले होते. ती लाइन १९३४ मध्ये बंद पडली आणि इंजिने मोडीत निघाली. ज्या देशात इंजिने जपण्याची इतकी मोठी परंपरा आहे, त्या देशातही जनकाच्या नावाचे इंजिन वाचले नाही, कारण जपणारी माणसे तेव्हा अजून एकत्र आलेली नव्हती. टॅलिलिनची सुरुवात त्यानंतर सतरा वर्षांनी झाली. त्यामुळे परदेशात गेले म्हणजे सुरक्षित आणि इथे राहिले म्हणजे नष्ट, हे समीकरण मला मान्य नाही, आणि त्याच्या उलटेही मान्य नाही. त्या त्या वेळी कुणी हात पुढे केला, एवढाच फरक आहे. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये उभे राहिले, म्हणून १८९५ मध्ये अजमेरला बांधलेले एफ-७३४ हे मीटरगेज इंजिन आज आपल्याला पाहता येते.

मुलांना काय दाखवायचे, हा आपला प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर कागदात नाही, हेही मान्य. मात्र कागदाशिवाय ते उत्तर तयार होणार नाही. हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे. हरंगुळ हे बार्शी लाइटच्या जुन्या वाटेवरचेच स्टेशन. तिथे किंवा लातूर शहरात किटसनच्या आठ जोडचाकांच्या इंजिनाची पूर्ण आकाराची, न चालणारी, परंतु मापात अचूक अशी प्रतिकृती उभी करता येऊ शकते. चौकट, चाके, बॉयलरचे कवच आणि ड्रायव्हरची खोली, एवढे जरी केले तरी पाच टनांच्या आसाचा नियम मुलाला समोर उभे राहून समजेल. त्यासाठी मूळ आराखडा हवा. नुसत्या छायाचित्रावरून केलेली प्रतिकृती बागेतल्या खेळण्यासारखी होते. तशी मला नको आहे.

आता कुणाकडे काय मागायचे ते सांगतो. किटसन कंपनी लीड्सची, म्हणून पहिले पत्र लीड्सच्या आर्मली मिल्स येथील औद्योगिक संग्रहालयाला. त्या शहरात बांधलेल्या इंजिनांवर त्यांचा विशेष भर आहे. शार्प स्टुअर्ट कंपनी १९०३ मध्ये नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीत विलीन झाली आणि त्या कंपनीची कागदपत्रे ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. १९-बीची पार्श्वभूमी तिथे मिळण्याची शक्यता अधिक. बार्शी लाइट रेल्वे कंपनी लंडनमध्ये नोंदलेली होती, त्यामुळे तिच्या कारभाराचे कागद ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात शोधायला हवेत. आणि लेटन बझर्डच्या मंडळींकडे विनंती अशी की, ७४० क्रमांकाच्या इंजिनाच्या क्लीन-लिंडनर आसांची छायाचित्रे आणि मापे आपल्याला द्यावीत.

या आसांबद्दल थोडे लिहिल्याशिवाय राहवत नाही. माथेरानच्या घाटात वळणे इतकी तीव्र आहेत की तीन आस एका सरळ चौकटीत घट्ट बसवले, तर चाकांच्या कडा रुळांना घासतील किंवा इंजिन रुळावरून उतरेल. म्हणून पुढचा आणि मागचा आस पोकळ केला. त्या पोकळीतून दुसरा भरीव आस जातो, जो चौकटीत पक्का असतो आणि जोडदांड्यांनी फिरतो. दोन्हींची जोडणी मध्यभागी गोलाकार सांध्याने केलेली असते. त्यामुळे बाहेरचा पोकळ आस चाकांसकट थोडा वळू शकतो, बाजूला सरकू शकतो, आणि तरीही आतल्या आसाबरोबर फिरत राहतो. जोडदांडी सरळच राहते आणि चाक वळण घेते. घाटातल्या वळणासाठी शोधलेली इतकी सुबक युक्ती आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांनी हाताळून पाहिली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

*

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

पत्र लिहिताना दोन गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, वस्तूचा नोंदणी क्रमांक आणि ती संग्रहात कशी आली याचा तपशील मागावा; कुणाकडून, कोणत्या वर्षी, कोणत्या अटीवर. दुसरी, प्रतिमा वापरण्याची परवानगी स्पष्ट लेखी मागावी. अन्यथा आराखडा हाती येतो, पण तो छापता येत नाही आणि प्रतिकृतीसाठीही वापरता येत नाही. बऱ्याच संस्था अभ्यासासाठी प्रत देतात आणि प्रकाशनासाठी वेगळे शुल्क घेतात. पत्र शक्यतो एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा नोंदणीकृत इतिहास मंडळाच्या नावाने जावे; व्यक्तीच्या पत्रापेक्षा त्याला लवकर उत्तर मिळते.

*

रामलिंगघाट (येडशी)

आमच्या घरी आजोबांची बार्शी लाइटमधली काही कागदपत्रे आहेत. ते पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारे, होते. एक जाडजूड नियमांचे पुस्तक आहे, पितळी बिल्ला आहे आणि काही छायाचित्रे आहेत, ज्यांत इंजिनासमोर सात-आठ माणसे उभी आहेत. एका छायाचित्रात इंजिनाचा क्रमांक अर्धवट दिसतो. यांचे काय करावे? एका गृहस्थांनी ती प्रदर्शनासाठी मागितली होती. परंतु याआधी दुसऱ्या एकाला दिलेला जुना कंदील परत आला नाही, म्हणून घरच्यांनी नकार दिला.

*

तेरणाकाठ (लातूर)

घरच्यांनी योग्य केले. मूळ वस्तू कुणालाही देऊ नका. मलाही देऊ नका. आपल्याच घरी, आपल्या समोर त्यांची नोंद व्हावी.

छायाचित्रे चिकटवलेली असतील तर ओढून काढू नका. सपाट स्कॅनर मिळाला तर उत्तम, नाही तर दिवसाउजेडी, ऊन थेट न पडणाऱ्या जागी, मोबाइल अगदी सरळ वर धरून चित्र घ्यावे. शेजारी एक पट्टी ठेवावी, म्हणजे आकार कळेल. मागच्या बाजूचेही चित्र घ्यावे. तिथे छायाचित्रकाराचा शिक्का किंवा गावाचे नाव असते आणि कित्येकदा तारीख तिथेच मिळते. क्रमांक अर्धवट असला तरी चाकांची संख्या, धुराड्याचा आकार, पाण्याच्या टाक्या बाजूला आहेत की मागे पाणी-कोळशाचा स्वतंत्र डबा (टेंडर) आहे, यावरून वर्ग ओळखता येतो. नियमांच्या पुस्तकाचे पहिले पान, छपाईचे पान आणि हाताने लिहिलेल्या दुरुस्त्या असलेली पाने आधी घ्यावीत.

आजोबांच्या बरोबरीच्या माणसांची नावे ज्यांना अजून सांगता येतील, अशी घरातली वडीलधारी मंडळी असतील तर तेच काम सर्वांत आधी करावे. बसवून प्रश्नांची सरबत्ती करू नये. छायाचित्र हातात द्यावे आणि ती मंडळी बोलतील ते ध्वनिमुद्रित करावे. पाणी कुठल्या स्टेशनचे घेत, बॉयलर कुठे धुवत, आषाढीला जादा गाड्या सोडताना मालडब्यांत माणसे बसवत का, पावसाळ्यात घाटात चाके घसरली तर काय करत, हे प्रश्न बॉयलरघर आणि मिडलँड्समधून यांनी वर सुचवलेच आहेत.

*

बॉयलरघर (कळंब)

येडशी आमच्यापासून जवळ आहे. रामलिंगघाट यांच्या घरच्यांची हरकत नसेल तर मी स्कॅनर घेऊन येतो. कारखान्यातून निवृत्त झालेले आणखी दोघे सोबती बार्शी लाइटवर खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, म्हणून होते. त्यांना सोबत आणले तर छायाचित्रातल्या इंजिनाचे भाग नावानिशी ओळखता येतील.

*

मिडलँड्समधून (मूळ उदगीर, सध्या इंग्लंड)

लीड्सच्या पत्राचा मसुदा तयार झाला की मला पाठवावा. संग्रहालयाच्या अभिलेख विभागात आधी वेळ ठरवून जावे लागते. ते काम मी करीन आणि तिथे काय आहे, काय नाही, ते इथेच लिहीन.

*

तेरणाकाठ (लातूर)

मसुद्यात या गोष्टी मागाव्यात असे ठरवले आहे : बार्शी लाइट रेल्वेसाठी किटसनने बांधलेल्या आठ जोडचाकांच्या इंजिनाचा सर्वसाधारण मांडणीचा आराखडा, चौकट, चाके आणि बॉयलर यांचे स्वतंत्र आराखडे असल्यास त्यांच्या प्रती, न्यूले येथील चाचणीची छायाचित्रे किंवा टिपणे, आणि प्रतिकृतीसाठी हे सर्व वापरण्याची लेखी परवानगी. सोबत आपल्याकडून येडशीच्या छायाचित्रांच्या प्रती, मार्गावरील जुन्या स्टेशनांची मराठी आणि इंग्रजी नावांची यादी, आणि खलाशी मंडळींच्या मुलाखतींचा सारांश देऊ. मुलाखती झाल्यावरच पत्र पाठवू, म्हणजे पहिल्याच पत्रात आपल्याकडून काहीतरी त्यांच्या हाती जाईल. कुर्डुवाडी, बार्शी, पांगरी, ढोकी आणि मुरुडच्या वाचकांपैकी कुणाकडे शेडच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या जागेची आठवण असेल, तर ती याच धाग्यावर गावाच्या नावासह लिहावी.